ॲनिमे आणि मांगा नव्याने सुरू करताना: पहिली मालिका कशी निवडायची, क्रम कसा लावायचा

ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ‘कुठलं ॲनिमे बघू?’ असं कुणालाही विचारा, पाच मिनिटांत वीस नावं हातात पडतात. त्यात वन पीस असतं, नारुतो असतं, अटॅक ऑन टायटन तर असतंच. नावं चुकीची नसतात. पण वन पीसचे अकराशेहून जास्त एपिसोड झालेत आणि गोष्ट अजून चालूच आहे, नारुतोत फिलर नावाचा प्रकार (मूळ गोष्ट पुढे न नेणारे वेळकाढू एपिसोड) भरपूर आहे, अटॅक ऑन टायटनचा ‘शेवटचा सीझन’ २०२० च्या डिसेंबरात सुरू होऊन २०२३ च्या नोव्हेंबरात संपला, हे सांगायचं मात्र राहून जातं. मग माणूस चौथ्या-पाचव्या एपिसोडला दमतो आणि ‘आपल्याला नाही बुवा जमत’ म्हणून सोडून देतो.

म्हणून आधी एक नियम घ्या. पहिली मालिका नावावर जाऊन निवडू नका. ती पूर्ण झालेली असावी, चाळीस एपिसोडांच्या आत आटपणारी असावी आणि तुम्ही एरवी जे पाहता-वाचता त्याच्या जवळपासची असावी. मोठी नावं कुठे जात नाहीत.

लागणारं सामान

- एका वेळी एकच सबस्क्रिप्शन. दोन-तीन एकदम घेऊ नका.
- मायॲनिमेलिस्ट किंवा ॲनिलिस्टवर फुकटचं खातं. काय पाहिलं, कितव्या एपिसोडला थांबलो, याची नोंद तिथे राहते.
- मांगा फोनवर वाचणार असाल तर मांगा प्लस किंवा शोनेन जंप हे ॲप.
- हेडफोन. जपानी संवाद चालू असताना सबटायटल वाचायची सवय लागेपर्यंत आजूबाजूचा आवाज फार त्रास देतो.

## १. आधी तासांचा हिशोब करा

टीव्हीवरच्या ॲनिमेचा एक एपिसोड साधारण २४ मिनिटांचा. त्यातली दीड मिनिटं सुरुवातीच्या गाण्याची, दीड शेवटच्या गाण्याची. ती वगळली तर गोष्टीला एकवीसेक मिनिटं उरतात. जपानी वाहिन्या वर्षाचे चार तुकडे करतात आणि एका तुकड्यात १२ किंवा १३ एपिसोड बसतात. बहुतेक सीझन १२, १३, २४ किंवा २५ एपिसोडांचे असतात ते यामुळे.

आता गुणाकार करा. १२ एपिसोड म्हणजे पाचेक तास, एका सुट्टीच्या दिवसाचं काम. डेथ नोटचे ३७ म्हणजे पंधरा तासांच्या आत. फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुडचे ६४ म्हणजे साधारण साडेपंचवीस तास. नारुतोचे २२० आणि पुढच्या शिप्पूदेनचे ५०० मिळून २८८ तास होतात. रोज एक तास धरला तरी साडेनऊ महिने. हा आकडा बघून मग ठरवा.

मालिकेची खात्री नसेल तर चित्रपटाने सुरुवात करा. माकोतो शिनकाईचा ‘युअर नेम’ (२०१६) पावणेदोन तासांचा आहे, हायाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) दोन तासांच्या किंचित वर. दोन्ही स्वतंत्र आहेत, मागचं-पुढचं काही माहीत असावं लागत नाही. दोन्हींपैकी एकही आवडला नाही तर मालिकांवर पैसे घालवायची घाई करू नका.

## २. आवडीवरून निवडा

‘शोनेन’, ‘शोजो’, ‘सेइनेन’, ‘जोसेइ’ हे शब्द जिकडेतिकडे दिसतील. हे कथेचे प्रकार नाहीत. मांगा कोणत्या वाचकवर्गाच्या मासिकात-साप्ताहिकात छापला गेला, एवढंच ते सांगतात: मुलगे, मुली, प्रौढ पुरुष, प्रौढ स्त्रिया. डेथ नोट शोनेन आहे आणि हायक्यूही शोनेन आहे. एकात पोरगा वहीत नावं लिहून माणसं मारतो, दुसऱ्यात पोरं व्हॉलीबॉल खेळतात. तेव्हा या शिक्क्यावरून काही ठरवू नका. खाली आवडीप्रमाणे नावं आहेत.

गुन्हा, तपास, डावपेच आवडत असतील तर डेथ नोट. कथा त्सुगुमी ओबांची, चित्रं ताकेशी ओबाता यांची, ॲनिमे २००६-०७ चं. पंचविसाव्या एपिसोडनंतर गोष्ट वळण घेते आणि पकड थोडी सैल होते, पण शेवट जमलाय. तिथेच सोडणारे बरेच असतात, त्यांच्यात जाऊ नका. याच आवडीचा पण अधिक संथ, अधिक खोल प्रकार हवा असेल तर नाओकी उरासावांचं मॉन्स्टर. एका शल्यविशारदाने वाचवलेला मुलगा पुढे खुनी निघतो आणि डॉक्टर त्याच्या मागे जर्मनीभर फिरतो. ७४ एपिसोड आहेत, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला ठेवा.

विज्ञानकथा आवडत असेल तर काउबॉय बिबॉप (१९९८, २६ एपिसोड). बहुतेक एपिसोड स्वतंत्र गोष्टींचे आहेत, त्यामुळे आठवड्याला एक पाहिला तरी धागा तुटत नाही. स्टाइन्स गेट (२०११, २४ एपिसोड) याच्या अगदी उलट: पहिला अर्धा भाग रेंगाळतो आणि बाराव्या एपिसोडला सगळं फिरतं. ‘तीन एपिसोड बघा, नाही आवडलं तर सोडा’ हा प्रचलित नियम इथे चालत नाही. बारापर्यंत धीर असेल तरच हात घाला.

शांत, हळू काही हवं असेल तर फ्रीरेन. राक्षसराजाला मारून झाल्यावर, सोबती म्हातारे होऊन गेल्यावर, हजार वर्षं जगणाऱ्या जादूगारिणीचं काय होतं, इथून गोष्ट सुरू होते. पहिला सीझन २०२३-२४ चा, २८ एपिसोडांचा. मांगा अजून पूर्ण नाही, पण हा सीझन अशा ठिकाणी येऊन थांबतो की लटकल्यासारखं वाटत नाही. वरच्या नियमाला हा अपवाद. याहून हळू चालणारं मुशिशीही आहे, २६ स्वतंत्र कथांचं. रात्री झोपण्याआधी एक, असं पाहण्याजोगं.

खेळ आवडत असतील तर हायक्यू. शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळलेल्यांना तर नक्कीच: सेटर नेमकं काय करतो, ब्लॉकला उडी कधी मारायची, लिबेरो कशासाठी असतो, हे सगळं सामना चालू असतानाच कळत जातं. चार सीझन, मिळून ८५ एपिसोड, पण पहिल्या २५ नंतर थांबलात तरी हरकत नाही.

घरच्यांबरोबर बसून पाहायचं असेल तर स्पाय फॅमिली. बाप गुप्तहेर, आई भाडोत्री मारेकरी, पोरगी मनातलं ओळखणारी, आणि तिघांनाही एकमेकांचं हे रूप ठाऊक नाही. म्हणजे मुलीला सगळं ठाऊक आहे, तीच तर गंमत.

इतिहास, लढाया आवडत असतील तर विनलँड सागा. पहिला सीझन २४ एपिसोडांचा, व्हायकिंगांच्या सूडाचा. दुसऱ्या सीझनमध्ये तोच नायक शेतावर गुलाम म्हणून राबतो आणि तलवार जवळजवळ दिसतच नाही. पहिल्या सीझनसारखी मारामारी पुढेही मिळेल म्हणून आलेले इथे वैतागतात. खरं तर मालिकेचा मुद्दा दुसऱ्यात आहे.

प्रेम आणि घरगुती ताण आवडत असतील तर फ्रुट्स बास्केट. मात्र २०१९ मध्ये सुरू झालेलं, ६३ एपिसोडांचं. २००१ चं २६ एपिसोडांचं ॲनिमे मांगा अर्ध्यात असतानाच संपलं.

दुसऱ्या फेरीसाठी एकच नाव सांगायचं तर फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड. साहस, राजकारण, विनोद, भावाभावांचं नातं, युद्धातल्या अपराधांची जबाबदारी, सगळं ६४ एपिसोडांत बसलंय आणि एकही धागा अर्धवट राहत नाही. सत्ताविसावा एपिसोड मागच्या घटनांची उजळणी आहे, तो वगळला तरी चालतो.

मायॲनिमेलिस्टवरचे गुण बघताना एक लक्षात ठेवा. तिसऱ्या-चौथ्या सीझनचे गुण नेहमी चढे दिसतात, कारण ज्यांना आवडलं नाही ते आधीच गळलेले असतात. गुण पाहायचे तर पहिल्या सीझनचे पाहा.

## ३. कुठे पाहायचं

भारतात मुख्य पर्याय क्रंचीरोल आणि नेटफ्लिक्स. क्रंचीरोलवर नवं-जुनं सगळ्यात जास्त, नेटफ्लिक्सवर निवडक मालिका आणि मियाझाकींच्या स्टुडिओ जिब्लीचे बहुतेक चित्रपट. प्राइम व्हिडिओवर शोधताना ठिकाण नीट वाचा: काही ॲनिमे मूळ प्राइममध्ये नसतात, वेगळे पैसे घेणाऱ्या चॅनेलमागे असतात. यूट्यूबवर म्यूझ इंडिया, म्यूझ एशिया आणि ॲनि-वन एशिया ही अधिकृत चॅनेलं आहेत, तिथे बरंच काही फुकट असतं, मात्र परवाना संपला की ते एपिसोड निघून जातात.

पैसे भरण्याआधी जस्टवॉच या, काय कुठे पाहता येतं ते सांगणाऱ्या साइटवर देश ‘भारत’ निवडून नाव शोधा. हे पाऊल वगळू नका, कारण हक्क देशागणिक वेगळे असतात. अमेरिकेतल्या भावाने ‘जिब्ली एचबीओ मॅक्सवर आहे’ म्हणून सांगितलं तर त्याच्यापुरतं ते खरं आहे, आपल्याकडे ते चित्रपट नेटफ्लिक्सवर सापडतात.

चोरीच्या साइटी टाळा. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी तिथे व्यवहारातच नुकसान आहे: चार ‘प्ले’ बटणांमधलं एकच खरं, कुठलीशी एपीके फाइल उतरवायला लावणारी खिडकी, मधले एपिसोड गायब, आणि सीझनचे आकडे मनाला येतील तसे लावलेले. क्रमाचा गोंधळ अर्ध्याहून जास्त इथेच होतो.

## ४. भाषा: सबटायटल की डब

डोरेमॉन आणि शिन-चॅन हिंदीतून पाहत मोठे झालेल्यांनी ॲनिमे आधीच पाहिलेलं आहे, फक्त त्याला तसं म्हटलं नव्हतं. त्याआधीच्या पिढीला दूरदर्शनवरचं ‘जंगल बुक’ आठवत असेल, तेही जपानीच. तेव्हा हिंदी डब पाहण्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न वेगळा असतो. हिंदी डब कधी पहिल्या सीझनपुरताच निघतो आणि पुढे जपानी-इंग्रजीच उरतं. सुरू करण्याआधी शेवटच्या सीझनचा एखादा एपिसोड उघडून ऑडिओच्या यादीत हिंदी आहे का बघून घ्या. तीसेक एपिसोडांनंतर नायकाचा आवाज बदलला की मन लागत नाही.

दुसरी भानगड सबटायटलची. डब लावून सबटायटलही चालू ठेवली तर दोन्हींचे शब्द बहुतेक वेळा जुळत नाहीत, कारण सबटायटल जपानी संवादांवरून केलेली असतात आणि डबचे संवाद ओठांच्या हालचालीत बसवलेले असतात. डब पाहताना सबटायटल बंदच ठेवा. फक्त पाट्या, पत्रं, फळ्यावरचा मजकूर यांच्यापुरती वेगळी सबटायटल दिलेली असली तर ती निवडा.

ढोबळ सल्ला: हाणामारी आणि विनोद डबमध्ये चालून जातात. शाळेतल्या, घरातल्या गोष्टी जपानीत पाहा. कोण कुणाला ‘सान’ म्हणतो, कोण ‘कुन’, कोण नुसतं नाव घेतो यावर तिथे नात्यांचा अर्धा खेळ चालतो, आणि अहो-जाहो, अरे-तुरे यांतला फरक कानात असलेल्या आपल्या लोकांना तो पटकन कळतो.

## ५. क्रम लावा

इथे सगळ्यात जास्त माणसं चुकतात. ॲपमध्ये एकाच नावाखाली सीझन, चित्रपट, उजळणीचे भाग आणि ओव्हीए एकत्र टाकलेले असतात. ओव्हीए म्हणजे टीव्हीवर न दाखवता थेट डिस्कवर काढलेले जादा एपिसोड. ते बहुधा ऐच्छिक असतात. नेहमी विचारल्या जाणाऱ्या मालिकांचा क्रम असा:

फुलमेटल अल्केमिस्ट. दोन वेगळी ॲनिमे आहेत, एकमेकांचे पुढचे भाग नाहीत. २००३ चं ५१ एपिसोडांचं ॲनिमे मांगाच्या पुढे निघून गेलं आणि त्याने स्वतःची गोष्ट रचली. २००९ चं ब्रदरहुड हिरोमु अराकावांच्या मांगाला धरून शेवटपर्यंत जातं. ब्रदरहुडच पाहा.

डीमन स्लेयर. पहिला सीझन (२६ एपिसोड), मग मुगेन ट्रेन. हा भाग चित्रपट म्हणूनही आहे आणि सात एपिसोडांच्या मालिकेतही आहे. दोन्हींपैकी एकच पाहा. मालिकेतला फक्त पहिला एपिसोड नवा आहे, उरलेले सहा म्हणजे तोच चित्रपट कापून केलेले. मग एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट, सोर्डस्मिथ व्हिलेज, हाशिरा ट्रेनिंग हे पुढचे भाग, आणि त्यानंतर इन्फिनिटी कॅसलचा पहिला चित्रपट. हा २०२५ मध्ये आपल्याकडच्या थिएटरांत हिंदीतही लागला होता. तेव्हा थेट चित्रपटालाच जाऊन बसलेल्यांना कोण कुणाच्या मागे का लागलंय ते कळण्याची शक्यताच नव्हती.

जुजुत्सु कायसेन. पहिला सीझन (२४), मग ‘झीरो’ हा चित्रपट, मग दुसरा सीझन. चित्रपटातली गोष्ट आधीच्या काळातली आहे म्हणून तो पहिल्यांदा पाहावा, असं काही जण सुचवतात. तसं करू नका. त्यातली निम्मी पात्रं पहिल्या सीझनमध्ये ओळखीची होतात.

अटॅक ऑन टायटन. सीझन १ (२५), २ (१२), ३ (दोन तुकडे मिळून २२), मग फायनल सीझन: १६, नंतर १२, आणि शेवटी २०२३ चे दोन लांबलचक विशेष भाग. हे विशेष भाग न पाहता ‘मालिका संपली’ समजणारे खूप आहेत. काही ठिकाणी ते छोट्या एपिसोडांत कापून ठेवलेले असतात, तेव्हा एपिसोडांच्या आकड्यांवर जाऊ नका. मधले संकलन-चित्रपट, म्हणजे जुनेच एपिसोड जोडून केलेले, सोडून द्या.

इव्हँजेलियन. १९९५-९६ चे २६ एपिसोड, मग १९९७ चा ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’. तिथे थोडं थांबा. त्यानंतर २००७ ते २०२१ दरम्यान आलेले चार नवे चित्रपट. चार चित्रपटांनी सुरुवात केली तर शेवटच्याचा निम्मा अर्थ हातातून जातो. आणि हे पहिलं ॲनिमे म्हणून घेऊ नका.

हंटर हंटर. २०११ चं, १४८ एपिसोडांचं घ्या. मांगा अपुरा आहे आणि तो थांबत-थांबत येतो, पण हे ॲनिमे समाधानकारक जागी संपतं.

‘फेट’ हे नाव असलेली मालिकांची रांग दिसली तर तूर्त पुढे जा. तिचा योग्य क्रम कोणता यावर जाणकारांचंच एकमत होत नाही.

## ६. फिलर ओळखा आणि वगळा

फिलर का असतो ते समजलं की तो वगळताना धाकधूक राहत नाही. जुन्या मोठ्या मालिका वर्षभर, दर आठवड्याला, न थांबता चालायच्या. मांगाकार आठवड्याला एकोणीस-वीस पानांचा एक चॅप्टर काढायचा. एका एपिसोडला दीड-दोन चॅप्टर लागत असल्याने ॲनिमे मांगाला गाठायचं. मग मांगा पुढे जाईपर्यंत स्टुडिओ स्वतःच्या गोष्टी रचून वेळ काढायचा. त्या गोष्टींत कुणी कायमचं मरत नाही, कुणी काही शिकत नाही. मांगातली परिस्थिती जशीच्या तशी परत आणून ठेवावी लागते.

नारुतोत १३६ ते २१९ हा पट्टा जवळजवळ संपूर्ण फिलर आहे. २२० पाहा आणि शिप्पूदेनकडे वळा. अपवाद १०१ चा: त्यांचा शिक्षक काकाशी याच्या मुखवट्याआड काय आहे ते पाहायची पोरांची धडपड. फिलर असूनही तो चुकवू नये. ब्लीचमध्ये ६४ ते १०८, १६८ ते १८९ आणि २३० ते २६५ सोडा. यातला १६८ चा तुकडा ऐन लढाईच्या मध्ये घुसवलेला आहे. न सांगता पाहणाऱ्याला आपण भलताच एपिसोड लावला की काय असं वाटतं.

कुठल्याही मालिकेसाठी नावापुढे ‘फिलर लिस्ट’ टाकून शोधा, कागदावर आकडे उतरवून घ्या. यादी वाचताना एपिसोडांची शीर्षकं मात्र वाचू नका. जपानी शीर्षकं कोण मरणार ते सर्रास सांगून टाकतात.

वन पीसची गोष्ट निराळी. त्यात फिलर तुलनेने कमी, पण पुढे-पुढे एका एपिसोडमध्ये एक चॅप्टरही पुरा होत नाही: प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, मागच्या आठवड्याचं पुन्हा दाखवतात. म्हणून वन पीस वाचावं. एइचिरो ओदांचा हा मांगा १९९७ पासून चालू आहे. आर्लाँग पार्क हा कथाभाग संपेपर्यंत, म्हणजे ९५ चॅप्टर, वाचून पाहा. ॲनिमेच पाहायचं असेल तर ४४व्या एपिसोडपर्यंत. तोवर मन गुंतलं नाही तर पुढेही गुंतणार नाही.

## ७. मांगा वाचायला शिका

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. पुस्तक आपल्याला ‘मागचं’ वाटतं त्या बाजूने उघडायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, अडतं ते पानाच्या आत.

एक पान समोर धरा. वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करा. ओळीतल्या चौकटी उजवीकडून डावीकडे संपवा, मग खालच्या ओळीवर या, पुन्हा उजवीकडून. चौकटीच्या आतले संवादाचे फुगेही याच दिशेने: उजवीकडचा आधी, डावीकडचा नंतर. उलटं वाचलं तर उत्तर आधी आणि प्रश्न मागून येतो. गोंधळ होतो तो उजवीकडे एकाखाली एक दोन लहान चौकटी आणि डावीकडे एक उंच चौकट असते तेव्हा. आधी उजवीकडच्या दोन्ही, मग डावीकडची. तरी कळलं नाही तर चौकटींमधल्या कोऱ्या पट्ट्या बघा: बहुतेक मांगाकार आडव्या पट्ट्या रुंद ठेवतात आणि उभ्या अरुंद. रुंद पट्टी आली की ओळ संपली.

चौकटींभोवतीची जागा पांढऱ्याऐवजी काळी झाली असेल तर बहुधा जुनी आठवण चालू आहे. हे ठाऊक नसल्यामुळे ‘हा तर मेला होता ना?’ असा प्रश्न पडतो.

कोरियन मानह्वा, उदाहरणार्थ सोलो लेव्हलिंग, हा मांगा नव्हे. तो फोनवर वरून खाली सरकवत वाचायचा, आणि डावीकडून उजवीकडे.

पहिल्यासाठी हे घ्या. अ सायलेंट व्हॉइस, ७ खंड: बहिऱ्या मुलीला शाळेत छळणारा मुलगा आणि नंतरची त्याची घुसमट. प्लूटो, ८ खंड: रोबोंच्या खुनांचा तपास. भय हवं असेल तर जुंजी इतोंचं उझुमाकी, जे एका जाड खंडातही मिळतं. आणि ओसामु तेझुकांचं बुद्ध, इंग्रजीत ८ खंड. कपिलवस्तूपासून सुरू होणारी ही कथा आपल्या वाचकाला लगेच जवळची वाटते. मात्र ते चरित्र समजून हातात घेऊ नका. कितीतरी पात्रं तेझुकांनी स्वतः निर्माण केलेली आहेत आणि मधेच आचरट विनोदही येतात. मुलांना देण्याआधी स्वतः चाळा.

फोनवर वाचताना. मांगा प्लस हे शुएइशा प्रकाशनाचं ॲप. चालू मालिकांचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर तिथे कायम फुकट असतात. शोनेन जंपचं ॲप भारतात चालतं आणि त्याच्या सभासदांना जुना साठाही उघडतो. दोन पानांवर पसरलेलं चित्र आलं की फोन आडवा करा, नाहीतर अर्धंच चित्र पाहून पुढे जाल.

विकत घेताना. आपल्याकडे नकली छपाईचे खंड फुटपाथवर आणि ऑनलाइन सर्रास विकले जातात. नवाकोरा खंड दीडशे-दोनशेला मिळत असेल तर शंका घ्या. मग हे तपासा: काळा रंग गडद आहे की राखाडी, कपड्यांवर-आकाशात बारीक ठिपक्यांची छटा असते, ती स्वच्छ दिसते की जाळीसारखी लाटा मारते, शिवणीच्या बाजूचे संवाद कापले गेलेत का, कणा सरळ आहे का आणि शेजारच्या खंडाशी त्याची उंची जुळते का. ऑनलाइन घेताना मालाच्या फोटोपेक्षा विक्रेत्याचं नाव पाहा, आणि ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत आतलं पान शोधा.

पूर्ण संच एकदम मागवू नका. पहिले दोन खंड घ्या, वाचा, मग पुढचे.

## ८. ॲनिमे जिथे थांबतं तिथून मांगा

पुढचा सीझन येईपर्यंत वाट बघवत नसेल तर विकीवर त्या ॲनिमेच्या एपिसोडांची यादी उघडा. कुठला एपिसोड कोणत्या चॅप्टरवरून केलाय ते तिथे लिहिलेलं असतं. फ्रीरेनचा पहिला सीझन साठाव्या चॅप्टरला संपतो, डीमन स्लेयरचा ५३व्या. पुढच्या आकड्यापासून लगेच सुरू करण्याऐवजी एक खंड मागे जा, चित्रांची ओळख होते.

दोन ठिकाणी ॲनिमे सोडून मांगाच धरा. द प्रॉमिस्ड नेव्हरलँडचा १२ एपिसोडांचा पहिला सीझन उत्तम. दुसऱ्याने मांगातला मोठा आणि सर्वात चांगला भाग गाळला. पहिला पाहा आणि थेट ३८व्या चॅप्टरवर जा. तोक्यो घूल तर पहिल्या पानापासून वाचा: मूळ मालिकेचे १४ खंड, मग ‘रे’ या पुढच्या मालिकेचे १६.

## ९. घरात मुलं असतील तर

चित्रं गोंडस म्हणजे मुलांसाठी, हा समज महागात पडतो. मेड इन ॲबिसच्या पोस्टरवर गुबगुबीत गालांची मुलं आहेत आणि आत त्याच मुलांचे हाल पाहवत नाहीत. ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज (१९८८) हा जिब्लीचाच, पण युद्धात उपाशी मरणाऱ्या भावंडांचा. लहानांसाठी त्याच वर्षीचा ‘माय नेबर तोतोरो’ किंवा ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ लावा.

नेटफ्लिक्सवर मुलांचं प्रोफाइल वेगळं करा आणि वयाची मर्यादा घाला. क्रंचीरोलवर एपिसोडाजवळ वयाचा शिक्का असतो, तो वाचा. हिंसा नसली तरी मुलींच्या अंगावर उगाच रेंगाळणारा कॅमेरा शाळेच्या साध्या विनोदी मालिकांतही येतो, तेव्हा पहिला एपिसोड एकट्याने पाहून घ्यावा.

## १०. चालू मालिका पाहायच्या असतील तर

नव्या मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात सुरू होतात. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. शिवाय मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमांची वेळ तिथे आदल्याच दिवसाच्या नावावर लिहितात: ‘शुक्रवार २४:३०’ म्हणजे शनिवारचे साडेबारा, आणि आपल्याकडे शुक्रवारी रात्री नऊ. ॲपवर एपिसोड यायला त्यानंतर अर्धा-एक तास लागू शकतो. तोवर त्या मालिकेचं नाव सोशल मीडियावर म्यूट करून ठेवा, आणि यूट्यूबवर ते शोधूही नका. शोधलं की शेवटाचं चित्र लावलेले व्हिडिओ पुढचे कित्येक दिवस समोर येत राहतात.